कमी चाललेली गाडी चांगली, हे खरं नाही

नागपुरात जुनी कॉम्पॅक्ट एसयूव्ही घ्यायला निघालेल्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत काय ऐकायला मिळणार, हे ठरलेलं आहे. "सिंगल हँड आहे, भाऊ." "डॉक्टरांची गाडी आहे, दवाखान्यात जायची अन् परत यायची." "मीटर बघा, अठ्ठावीस हजार. गाडी चाललीच कुठे?" घेणारा त्या आकड्यावर खूश होतो, कारण घरच्यांनी आणि ऑफिसातल्या जाणकारांनी त्याला तेच पढवून पाठवलेलं असतं: किलोमीटर कमी बघ, डिझेल बघ, ऑटोमॅटिकच्या नादी लागू नको. यातला एकही सल्ला जसाच्या तसा टिकत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात किती दम उरला आहे, हे गाडी किती धावली यापेक्षा ती किती तापली आणि तिचं तेल कधी बदललं यावर जास्त ठरतं. नवतपात पारा पंचेचाळिशी ओलांडणाऱ्या गावात तर हे फारच खरं आहे.

मीटरच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं अगदीच निराधार नाही. टायर, सस्पेन्शनचे बुश, व्हील बेअरिंग ही मंडळी चाकाच्या फेऱ्यांनीच झिजतात. लाखभर चाललेल्या गाडीत त्यांचा खर्च निघणार, हे धरूनच चालावं. पण तो खर्च काही हजारांत आटोपतो. गाडी घेणाऱ्याचं कंबरडं मोडतं ते क्लच, गिअरबॉक्स, टर्बो आणि इंजिनाच्या कामाने, आणि या वस्तूंची झीज मीटर मोजत नाही. क्लच घ्या. तो पूर्ण धरलेला असताना प्लेट आणि फ्लायव्हील एकत्र फिरतात, त्यांच्यात घासणं नसतंच. क्लच झिजतो तो गाडी उठवताना, हाफ क्लचवर रांगताना, चढावर ॲक्सिलरेटरच्या जोरावर धरून ठेवताना. शंकरनगर चौक, झाशी राणी चौक, व्हरायटी चौक अशी रोज संध्याकाळी सरकत जाणारी गाडी महिन्याकाठी फार किलोमीटर करत नाही, पण क्लच मात्र खाते.

हिशेब सोपा आहे. शहरात सरासरी वेग ताशी १५ किलोमीटर धरला, तर ३० हजार किलोमीटरला इंजिन २,००० तास चालतं. समृद्धी महामार्गावर ताशी १०० ने ८० हजार किलोमीटर केले तर ८०० तास होतात. त्या ८०० तासांत समोरून वारा लागतो, आरपीएम स्थिर राहतो, क्लचला जवळजवळ काम नसतं. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला. तेव्हापासून जी गाडी महिन्यातून दोनदा त्या रस्त्याने जाऊन आली, तिचा मीटर लठ्ठ दिसणारच. माझ्या मते अशी गाडी, तिचे टायर आणि ब्रेक नीट तपासून, त्या अठ्ठावीस हजारवालीच्या आधी पाहावी.

कमी चाललेल्या गाडीचा आणखी एक दोष आहे, आणि तो मालकाच्या काटकसरीतून येतो. इंजिन ऑइल बदलण्याची अट ठरावीक किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते, अशी असते. मालक म्हणतो, गाडी चाललीच नाही तर ऑइल कशाला? दोन-दोन, तीन-तीन वर्षं तेच काळं तेल आत फिरत राहतं. फोर्ड इकोस्पोर्टच्या १.० लिटर इकोबूस्ट इंजिनात टायमिंग बेल्ट इंजिन ऑइलमध्ये भिजत चालतो. तेल खराब झालं की रबराचे कण सुटतात, ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात, तेलाचा दाब पडतो आणि इंजिन बसतं. असं इंजिन असलेली गाडी कमी चालली आहे हे ऐकून निश्चिंत होण्याऐवजी, दरवर्षी ऑइल पडलं का आणि कोणत्या ग्रेडचं पडलं, हे आधी विचारायला हवं.

डिझेलच्या आग्रहाचंही तसंच. २०१६ च्या व्हिटारा ब्रेझामधलं १.३ लिटर डिझेल इंजिन पाहून ज्यांनी मत बनवलं, त्यांचं मत त्या काळापुरतं बरोबर होतं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये डीपीएफ नावाची गाळणी बसली. ती काजळी अडवते आणि ठरावीक वेळाने साडेपाचशे-सहाशे अंशांवर जाळून टाकते. त्यासाठी गाडी काही वेळ सलग वेगात धावावी लागते. धरमपेठ ते सदर एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत हे जाळणं अर्धवट राहतं. पुन्हापुन्हा प्रयत्न होतो, जादा फवारलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली ऑइलमध्ये उतरतं, आणि ऑइल पातळ होतं. हे डोळ्यांनी पाहता येतं. डिपस्टिक काढा, पुसा, पुन्हा घालून काढा. तेल वरच्या खुणेच्याही वर चढलेलं असेल आणि नाकाजवळ नेल्यावर डिझेलचा वास येत असेल, तर गाडीचा दिनक्रम तिने स्वतःच सांगितला. विकणारा मात्र त्याच डिपस्टिककडे बोट दाखवून म्हणेल, "बघा, ऑइल किती फुल आहे." रोजचं जाणं-येणं आठ-दहा किलोमीटरचं असणाऱ्या नागपूरकराने बीएस-६ डिझेल घेऊच नये, पेट्रोल घ्यावं, असं मी स्पष्टपणे सांगेन.

आता ऑटोमॅटिक. 'ऑटोमॅटिक गेला की लाखाचं काम' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्यामागची भीती खरी आहे, हे मला मान्य करावं लागतं. पण ऑटोमॅटिक या एका नावाखाली निदान चार वेगळी यंत्रं विकली जातात. २०१८ पासूनच्या नेक्सॉनमध्ये येणारा एएमटी म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबण्याचं आणि गिअर टाकण्याचं काम यंत्र करतं. त्यात क्लच प्लेट जाते, ॲक्च्युएटर जातो, पण आतले गिअर सहसा शाबूत राहतात. २०२० च्या पेट्रोल ब्रेझाचा चार गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर जुन्या पद्धतीचा आहे, मायलेज कमी देतो, पण रांगत्या ट्रॅफिकमध्ये त्याची ताकद तेलातून जाते, कोरड्या प्लेटच्या घासण्यातून नाही. मॅग्नाइट आणि कायगरच्या टर्बो पेट्रोलमध्ये सीव्हीटी आहे. व्हेन्यू टर्बोच्या सात गिअरच्या डीसीटीत दोन क्लच आहेत, दोन्ही कोरडे. टायगुन आणि कुशाकच्या १.५ टीएसआयमधल्या डीएसजी नावाच्या डीसीटीचंही तेच. या चौघांना एकाच काठीने हाकणं म्हणजे ज्यात धोका आहे त्याच्यासोबत ज्यात नाही तोही टाकून देणं.

धोका कोणात जास्त, हे उष्णतेनेच ठरतं. कोरड्या क्लचचा ताप वाहून न्यायला तेल नसतं. मे महिन्यात दुपारी दोन वाजता डांबर तापलेलं, एसी पूर्ण चालू, आणि गाडी अर्धा तास पाच-पाच फूट पुढे सरकते आहे. त्या अर्ध्या तासात कोरडी प्लेट सतत घासत असते. काही दिवसांनी गाडी उठताना थरथरते, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये झटका मारते, कधी गिअरच घेत नाही. इथे विकणारे आणि काही सर्व्हिसवालेही एक ठेवणीतलं उत्तर देतात: "तुमची चालवायची पद्धत चुकते."

या उत्तराचा निकाल परदेशात एका न्यायालयाने लावलेला आहे. इकोस्पोर्टच्या पेट्रोल ऑटोमॅटिकमध्ये २०१३ पासून सहा गिअरचा कोरड्या क्लचचा पॉवरशिफ्ट गिअरबॉक्स होता. ऑस्ट्रेलियात फिएस्टा, फोकस आणि इकोस्पोर्टच्या ग्राहकांनी याच गिअरबॉक्सच्या थरथरण्याच्या तक्रारी केल्या, तेव्हा कंपनीने काहींना तुमच्या चालवण्यामुळेच हे होतं असं सांगितलं. गिअरबॉक्समध्ये गुणवत्तेचे दोष आहेत हे कंपनीला ठाऊक होतं. एप्रिल २०१८ मध्ये तिथल्या संघीय न्यायालयाने फोर्डला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. भारतात २०१७ च्या अखेरीस आलेल्या नव्या इकोस्पोर्टमध्ये पॉवरशिफ्ट जाऊन टॉर्क कन्व्हर्टर बसला. म्हणजे एकाच नावाच्या, बाहेरून बऱ्याच सारख्या दिसणाऱ्या दोन गाड्या बाजारात शेजारी उभ्या आहेत. त्यातली आधीची, पॉवरशिफ्टवाली ऑटोमॅटिक मी कोणालाही घ्यायला सांगणार नाही, मीटर काहीही म्हणो. नंतरच्या गाडीबद्दल मात्र ऐकून घ्यायला मी तयार आहे. 'ऑटोमॅटिक नको' म्हणणारा हा फरक करत नाही, आणि 'फोर्ड आहे, दणकट असते' म्हणणाराही करत नाही.

'गिअरबॉक्सचं ऑइल लाइफटाइम असतं' हा समजही मोडायला हवा. लाइफ कोणाचं? पहिल्या मालकाचं की तिसऱ्याचं? तेल उष्णतेने जुनं होतं, त्यातली रसायनं संपतात, क्लचच्या अस्तराची पूड त्यात मिसळते. गिअरबॉक्समध्ये कोणतं तेल आहे याने किती फरक पडतो हे फोक्सवॅगनला २०१३ मध्ये कळलं. सात गिअरच्या डीएसजीत भरलेल्या सिंथेटिक तेलामुळे उष्ण-दमट हवेत विजेच्या भागांत बिघाड होऊ शकतात, म्हणून कंपनीने जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावून त्यांत मिनरल तेल भरलं. टॉर्क कन्व्हर्टरचं तेल ताजं असताना लालसर असतं. ते तपकिरी-काळं झालं असेल, करपल्यासारखा वास येत असेल, किंवा ताशी ६०-८० वर हलक्या ॲक्सिलरेटरला गाडी रम्बल स्ट्रिपवरून गेल्यासारखी कापत असेल, तर 'लाइफटाइम' संपलेलं आहे.

उष्णतेवरचा एक गावठी उपाय इथे सर्रास होतो आणि त्याने गाड्यांचं मोठं नुकसान केलं आहे. उन्हाळ्यात गाडी तापते म्हटलं की थर्मोस्टॅट काढून टाकायचा आणि कुलंटऐवजी बोअरचं पाणी भरायचं. काटा खाली येतो आणि मालक समाधानी होतो. खरं तर थर्मोस्टॅट ८०-९० अंशांच्या आसपास उघडतो तो इंजिनाला योग्य तापमानावर ठेवण्यासाठी. तो नसला की इंजिन गारठलेलं समजून कॉम्प्युटर जास्त इंधन फवारत राहतो, आणि डिझेलमध्ये डीपीएफची काजळी जळणं बंद पडतं. बोअरच्या पाण्याचा क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतो. गाडी का तापत होती, फॅन बंद होता की पंप गळत होता, हे कोणी शोधलेलंच नसतं. थंड इंजिनावर कुलंटच्या टाकीचं झाकण उघडा. आत रंगीत कुलंटऐवजी गंजाचं गढूळ पाणी दिसलं, तर पुढचं काही पाहायची गरज नाही.

मग गाडी पाहायची कशी? सकाळी लवकर जा, आणि आदल्या रात्रीपासून गाडी सुरू करू नका असं आधीच सांगून ठेवा. बॉनेटवर हात ठेवा. ते कोमट लागलं तर कोणीतरी गाडी आधीच गरम करून ठेवली आहे, आणि गार इंजिनाचा खडखडाट, पांढरा-निळा धूर, पहिल्या गिअरचा झटका हे सगळं तुमच्यापासून लपवलं आहे. मॅन्युअल असेल तर न्यूट्रलमध्ये कान द्या. क्लच दाबल्यावर घरघर थांबली तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर संशय, दाबल्यावर सुरू झाली तर रिलीज बेअरिंगवर. मग गाडी सेमिनरी हिल्सला न्या. नागपूर सपाट आहे, क्लचची परीक्षा घेण्याजोगा असा चढ गावात दुसरीकडे क्वचितच मिळतो. चढावर थांबून उठवा. आरपीएम वाढतो आणि गाडी जागची हलत नाही, किंवा जळाल्याचा वास येतो, तर क्लच संपत आला. एएमटी आणि डीसीटीत हे तीन-चार वेळा करा, कारण दोष गरम झाल्यावरच बोलतो. तीन सिलिंडरची गाडी उभ्या जागी जास्त कापत असेल तर घाबरू नका, इंजिन माउंट बघायला सांगा. ते स्वस्त काम आहे, आणि त्याच्यावरून गिअरबॉक्सला दोष देऊन चांगली गाडी सोडणारे लोक असतात.

शेवटी स्कॅनर. "आम्हाला आवाजावरून कळतं" म्हणणाऱ्या जुन्या मेकॅनिकांच्या कानाचा मला मनापासून आदर आहे, पण गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमध्ये साठलेला फॉल्ट कोड कानाला ऐकू येत नाही. विकणाऱ्याने कोड पुसले असतील तरी ते लपत नाही: पुसल्यावर गाडीच्या स्वतःच्या तपासण्या काही काळ 'अपूर्ण' दिसतात, आणि स्कॅनरवर तसं दिसलं तर काहीतरी नुकतंच पुसलेलं आहे.

ही सगळी जबाबदारी एकट्या घेणाऱ्यावर टाकणं मला पटत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये नियम काढले आणि १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र घेणं बंधनकारक झालं. गाडी ताब्यात असेपर्यंत कागदपत्रांची जबाबदारी त्याची, आणि गाडी बाहेर काढली तर प्रत्येक फेरीची नोंद किलोमीटरसह ठेवायची. नियम चांगला आहे, पण तोही पुन्हा कागद आणि किलोमीटर एवढ्यावरच थांबतो. त्याच नोंदीत इंजिन व गिअरबॉक्सचा स्कॅन अहवाल, शेवटच्या ऑइल बदलाची तारीख आणि ग्रेड लिहून सहीनिशी ग्राहकाला देणं सक्तीचं करायला काय अडचण आहे? स्कॅनर आज छोट्या गॅरेजमध्येही असतो, अहवालाला काही मिनिटं लागतात. त्याने गाडी महाग होईल, असा आक्षेप डीलर घेतील. होईल, चांगली गाडी महाग होईल आणि वाईट गाडी स्वस्त. आज दोन्ही मीटरच्या एकाच आकड्यावर विकल्या जातात, आणि ज्या मालकाने दरवर्षी इमानाने ऑइल बदललं, समृद्धीवर गाडी पळवली, त्याला लाखभर किलोमीटरच्या नावाखाली कमी भाव घ्यावा लागतो.

तोवर घेणाऱ्याच्या हातात एक गोष्ट आहे. रात्रभर गाडी थंड ठेवायला, सेमिनरी हिल्सपर्यंत न्यायला किंवा स्कॅनर लावू द्यायला जो नाही म्हणतो, त्याच्याशी भाव ठरवत बसू नये आणि त्याच्याकडून गाडी घेऊ नये, मग मीटरवर अठ्ठावीस हजार असोत की आठ हजार.