माळ इथली, मेंदू तिथला

गणेश चतुर्थीपासून तुळशीच्या लग्नापर्यंतचा काळ हा महाराष्ट्रातील रोषणाईचा काळ. पुण्याच्या तपकीर गल्लीत आणि मुंबईच्या लोहार चाळीत या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. याच सुमारास दरवर्षी एक आवाहनही घरोघरी पोहोचते : 'चिनी माळा विकत घेऊ नका.' या आवाहनामागची भावना निखळ राष्ट्रभक्तीची आहे. १५ जून २०२० रोजी गलवान खोऱ्यात कर्नल संतोष बाबू यांच्यासह २० भारतीय सैनिकांनी बलिदान केले. त्या शत्रूच्या तिजोरीत आपल्या सणाचा पैसा जाऊ नये, असे सामान्य नागरिकाला वाटले तर त्यात गैर काय?

प्रश्न भावनेचा नाही, तिच्या परिणामाचा आहे. आवाहनानंतर बाजारात काय बदलले? अनेक ठिकाणी केवळ खोका बदलला. खोक्यावर तिरंगी पट्टा आला, देवनागरी अक्षरे आली, 'भारतात निर्मित' असा शिक्का आला. आतील माळ मात्र तीच राहिली. ग्राहक समाधानाने घरी गेला, व्यापाऱ्याचा गल्ला भरला आणि पैसा पूर्वीच्याच वाटेने सीमेपलीकडे गेला. स्वदेशीच्या नावावर स्वदेशीचीच ही फसवणूक आहे. तिचा दोष पदपथावर माळा विकणाऱ्या गरीब विक्रेत्याच्या माथी मारून मोकळे होणे हा तर आत्मवंचनेचा कळस होय.

चावी कोणाच्या हाती?

आज मंडळांच्या कमानींवर, मंदिरांच्या शिखरांवर आणि इमारतींच्या दर्शनी भागांवर ज्या माळा रंग बदलत धावतात, त्यांना बाजारात 'पिक्सल माळ' म्हणतात. जुन्या माळेतील सारे दिवे एकाच वेळी पेटत आणि एकाच वेळी विझत. पिक्सल माळेतील प्रत्येक दिव्याला स्वतंत्र आज्ञा देता येते. सुमारे ५ मिलिमीटर लांब-रुंद अशा चौकोनी कुपीत लाल, हिरवा आणि निळा असे तीन सूक्ष्म दिवे आणि त्यांचे नियमन करणारी एक चिप बसवलेली असते. नियंत्रक एकाच तारेवरून आज्ञांची मालिका सोडतो. पहिला दिवा आपल्या वाट्याचे २४ अंक घेतो आणि उरलेली मालिका स्वच्छ करून पुढच्याला देतो. प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, म्हणजे एका दिव्यातून १ कोटी ६७ लाखांहून अधिक छटा. एका दिव्याची आज्ञा ३० मायक्रोसेकंदांत पूर्ण होते. त्यामुळे १,००० दिव्यांच्या माळेवरील चित्र सेकंदाला ३० वेळा बदलता येते.

या माळेची तार येथे जोडली जाते, वेष्टन येथे छापले जाते, झाळणकामही येथे होते. पण तिचा मेंदू असलेली चिप प्रामुख्याने चीनमधून येते. 'डब्ल्यूएस २८११' आणि 'डब्ल्यूएस २८१२' ही वर्ल्डसेमी या चिनी कंपनीच्या चिपची नावे आज या धंद्याची परवलीची भाषा बनली आहेत. माळ इथली आणि मेंदू तिथला, अशी ही अवस्था आहे.

'स्वस्त मिळते ते घ्यावे, जागतिकीकरणाच्या युगात स्वदेशी कसली कवटाळता?' असे विचारणारा एक विद्वान वर्ग आपल्याकडे आहेच. त्याचे उत्तर चीननेच दिले आहे. निळ्या आणि हिरव्या एलईडीचा प्रकाश गॅलियम नायट्राइड या संयुगातून निघतो. जगातील गॅलियमच्या उत्पादनावर चीनचे जवळजवळ एकहाती वर्चस्व आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून चीनने गॅलियम आणि जर्मेनियमच्या निर्यातीवर परवान्याचे निर्बंध घातले. ज्याच्या हाती दिव्याच्या घटकद्रव्याची चावी, त्याच्या हाती अंधाराचीही चावी असते. स्वस्ताईचे गोडवे गाणाऱ्यांनी या चावीची किंमत कधी मोजली आहे काय?

चतुःसूत्रीतील विसरलेले सूत्र

लोकमान्य टिळकांनी राष्ट्राला स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण ही चतुःसूत्री दिली. माळांच्या बाबतीत आजच्या समाजाने तिच्यातील फक्त बहिष्कार उचलला, तोही दुकानाच्या पायरीपुरता. वंगभंगाच्या काळातील पिढी परदेशी काच फोडून थांबली नाही. तिने काच तयार करायला शिकून घेतले. अंताजी दामोदर काळे यांनी पै-पैसा गोळा करून 'पैसा फंड' उभा केला. लोकमान्यांनी त्याला बळ दिले आणि १९०८ मध्ये तळेगाव येथे काचेचा कारखाना सुरू झाला. तेथे काम शिकलेले हात पुढे देशभर गेले. १९१६ मध्ये कराडजवळ ओगले बंधूंचा काच कारखाना निघाला आणि त्यांच्या 'प्रभाकर' कंदिलाने घराघरांत उजेड नेला. वीज नसलेल्या महाराष्ट्राला स्वदेशी प्रकाश मिळाला तो भट्टीपुढे घाम गाळणाऱ्या कारागिरांमुळे. त्या काळच्या घोषणा विरून गेल्या, कंदील मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

असाच वारसा बंगालमधील चंदननगरने जपला आहे. हुगळीकाठच्या या पूर्वाश्रमीच्या फ्रेंच वसाहतीत जगद्धात्री पूजेची रोषणाई पाहण्यासाठी लाखो लोक लोटतात. श्रीधर दास यांच्यासारख्या कारागिरांनी चिमुकल्या दिव्यांतून उडणारे पक्षी आणि चालत्या-बोलत्या कथा उभ्या केल्या. संगणक हाताशी नव्हता, तेव्हा तांब्याच्या पट्ट्या बसवलेले लाकडी रूळ फिरवून तेथील कारागीर दिव्यांची उघडझाप साधत. म्हणजे आज चिपमध्ये जे घडते, तेच ते रुळावर घडवत होते. ही बुद्धी या देशाची होती. तिला प्रयोगशाळेची, भांडवलाची आणि शिक्षणाची जोड वेळेवर मिळाली असती, तर कदाचित रुळाची चिप येथेच झाली असती.

ती जोड का मिळाली नाही, याचाही हिशेब मांडला पाहिजे. मोहाली येथील सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी संस्थेची स्थापना १९७६ ची. तिने १९८४ मध्ये उत्पादन सुरू केले, तेव्हा तैवानच्या जगप्रसिद्ध टीएसएमसीचा जन्मही झाला नव्हता. ती १९८७ मध्ये निघाली. १९८९ मध्ये मोहालीच्या कारखान्याला आग लागली आणि आपण जी शर्यत लवकर सुरू केली होती, तीत मागे पडलो. राखेतून लगेच उभे राहण्याची जिद्द त्या काळच्या राज्यकर्त्यांनी दाखवली नाही. डिसेंबर २०२१ मध्ये ७६,००० कोटी रुपयांचा सेमिकंडक्टर कार्यक्रम मंजूर झाला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये गुजरातेतील धोलेरा येथील चिप कारखान्याला मंजुरी मिळाली. हे स्वागतार्हच आहे. पण मोठे कारखाने मोटारी आणि दूरसंचाराच्या चिपकडे पाहतील. माळेच्या साध्या चिपला अतिसूक्ष्म तंत्रज्ञान लागत नाही. जुने, रुळलेले तंत्र पुरते. तिची मागणी समाजानेच नोंदवली नाही, तर तिचा विचार कोण करणार?

मागणीची शक्ती

संघटित मागणी काय करू शकते, याचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'उजाला' योजनेतून ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले. घाऊक खरेदीमुळे एका दिव्याचा खरेदीदर दोन-तीन वर्षांत ३१० रुपयांवरून ३८ रुपयांवर उतरला. महाराष्ट्रातील गणेशोत्सव मंडळे ही तर तयार, संघटित शक्ती आहे. दरवर्षी प्रत्येक मंडळ स्वतंत्रपणे माळा घेते, एक हंगाम वापरते आणि फेकून देते. एका शहरातील मंडळांनी एकत्र येऊन तीन वर्षांची खरेदी ठरवली आणि चिपचे मूळ लेखी विचारले, तर उद्योजकाला भांडवल गुंतवण्याचे धैर्य येईल.

दुसरे काम शिक्षणाचे. चिप येईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. पिक्सल माळेची आज्ञाभाषा इतकी सोपी आहे, की तंत्रनिकेतनातील विद्यार्थी तिचा नियंत्रक तयार करू शकतो. त्यासाठी मद्रास आयआयटीचा 'शक्ती' आणि सी-डॅकचा 'वेगा' हे स्वदेशी प्रोसेसर उपलब्ध आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील मुलाला बिघडलेला एक दिवा कापून नवा झाळायला शिकवले, तर एका दिव्यासाठी अख्खी माळ कचऱ्यात जाणार नाही. आयात तितकी घटेल आणि वस्तीतील एका हाताला काम मिळेल.

तिसरे काम जबाबदारीचे. माळ ५ किंवा १२ व्होल्टवर चालते, पण तिला वीज देणारा पुरवठा-संच २३० व्होल्टला जोडलेला असतो. भाद्रपदाच्या पावसात निकृष्ट संच जीव घेऊ शकतो. म्हणून संचावर भारतीय मानक ब्युरोची नोंदणी, माळेला आयपी ६५ किंवा ६७ दर्जाचे जलरोधन आणि मंडपाच्या जोडणीला गळती होताच वीज तोडणारे यंत्र, या तिन्ही गोष्टींचा आग्रह धरलाच पाहिजे. निकृष्ट माल देशी असला तरी तो स्वदेशी या नावाला पात्र नाही.

बहिष्कार हा स्वाभिमानाचा हुंकार आहे, तो हवाच. परंतु हुंकाराने कारखाने चालत नाहीत. जो समाज तळेगावात पैशा-पैशाने भट्टी पेटवू शकला, त्याला तांदळाच्या दाण्याहून लहान चिप अवघड नाही. यंदा मंडळाच्या बैठकीत रोषणाईचा विषय निघेल, तेव्हा कार्यकर्त्यांनी 'माळ कितीला?' या प्रश्नाआधी 'माळेचा मेंदू कुठला?' हा प्रश्न विचारावा आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत उठू नये.