उजनीचे पाणी आणि दिल्लीचा हिशेब

दक्षिण सोलापूर तालुक्यातील फताटेवाडी-आहेरवाडी परिसरात एनटीपीसीचे औष्णिक वीज केंद्र उभे आहे. प्रत्येकी ६६० मेगावॅटचे दोन संच, एकूण क्षमता १३२० मेगावॅट. पहिला संच २०१७ मध्ये आणि दुसरा २०१९ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाला. कोळसा येथे नाही. तो शेकडो किलोमीटरवरून रेल्वेने आणावा लागतो. पाणीही येथे नाही. तेही शंभरेक किलोमीटरवरच्या उजनी जलाशयातून आणावे लागते. पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसावर जगणाऱ्या आणि दुष्काळ ज्याच्या पाचवीला पुजलेला आहे अशा जिल्ह्यात दोन्ही कच्चे माल बाहेरून आणणारे केंद्र का उभारावे, हा प्रश्न त्याच वेळी विचारला जावयास हवा होता. तो फारसा विचारला गेला नाही, याचे एक कारण उघड आहे. २००६ ते २०१२ या काळात केंद्रीय ऊर्जा खाते सोलापूरच्याच सुशीलकुमार शिंदे यांच्याकडे होते, आणि आपल्या गावाला काही मोठे मिळत असताना त्याचा जमाखर्च मागणे कोणालाच रुचत नाही.

सोलापूरला वीज हवी होती, याबद्दल वाद नाही. यंत्रमागावर चादरी आणि टॉवेल विणून पोट भरणाऱ्या या शहराने भारनियमनाची वर्षे सोसली आहेत. माग थांबला की त्या दिवसाची मजुरी थांबते, हे येथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. शिवाय देशाच्या वीजव्यवस्थेत सोलापूरला एक मानाचे स्थान आहे. २०१३ च्या अखेरीस रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी कार्यान्वित झाली आणि दक्षिणेची वीज यंत्रणा उर्वरित देशाशी जोडली गेली. परंतु याच घटनेतून दुसराही अर्थ निघतो. विजेला तारांवरून देशभर नेता येते. पाण्याला तशी सोय नाही. जी वस्तू वाहून नेणे सोपे, ती जेथे दुर्मिळ वस्तूची नासाडी होणार नाही तेथे निर्माण करावी, इतका साधा विचार राष्ट्रीय नियोजनात असावयास हरकत नव्हती.

आकडेच पाहू. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या नियमानुसार १ जानेवारी २०१७ नंतर उभारलेल्या औष्णिक केंद्राने एका मेगावॅट-तासास, म्हणजे एक हजार युनिट विजेस, तीन घनमीटरपेक्षा अधिक पाणी वापरू नये. २०१५ च्या अधिसूचनेत ही मर्यादा अडीच घनमीटर होती. २०१८ मध्ये ती शिथिल झाली. तीन घनमीटरच्या हिशेबाने १३२० मेगावॅटचे केंद्र चोवीस तास पूर्ण क्षमतेने चालले, तर त्याला दररोज सुमारे साडेनऊ कोटी लिटर पाणी लागेल. माणशी १३५ लिटर हे नागरी पाणीपुरवठ्याचे प्रमाण धरल्यास एवढ्या पाण्यात सात लाख माणसांची गरज भागते. २०११ च्या जनगणनेनुसार सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख होती, आणि या शहराने वर्षानुवर्षे चार-पाच दिवसांआड येणाऱ्या नळाची वाट पाहिली आहे.

येथे न्यायबुद्धीने दोन गोष्टी नमूद केल्या पाहिजेत. हे केंद्र वर्षभर पूर्ण क्षमतेने चालत नाही. दूरच्या कोळशामुळे त्याची वीज महाग पडते आणि स्वस्त वीज आधी घेण्याच्या पद्धतीत तिचा क्रम मागे लागतो. त्यामुळे प्रत्यक्ष पाणी वरील आकड्यापेक्षा कमी लागते. दुसरे असे, की शहराचा नळ कोरडा राहतो तो केवळ या केंद्रामुळे नव्हे. जुनी जलवाहिनी, गळती, वितरणातील ढिसाळपणा आणि रखडत गेलेली समांतर वाहिनी यांचा दोष त्यात मोठा आहे. उजनीचे बहुतेक पाणी तर उसाकडे जाते, आणि त्याबद्दल बोलण्याचे धैर्य कोणत्याच पक्षात नाही. पण म्हणून वीज केंद्राच्या पाण्याचा हिशेब मागू नये असे ठरत नाही. दुष्काळाच्या वर्षी शेवटच्या थेंबावर हक्क कोणाचा, हा प्रश्न तेव्हाच उभा राहतो.

उजनीची साठवण सुमारे ११७ अब्ज घनफूट. त्यातील निम्म्याहून अधिक मृतसाठा. उन्हाळ्यात पाणी मृतसाठ्यात उतरले की जलाशयाची टक्केवारी उणे मोजली जाते. भांड्यात पाणी उणे कसे असेल, असे कोडे शाळेतल्या मुलाला पडावे. सोलापूरच्या वाचकाला मात्र ते अंगवळणी पडले आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात हा आकडा उणे पन्नासच्याही पलीकडे गेला होता. अशा वेळी काय होऊ शकते, ते बीड जिल्ह्यातील परळीने दाखविले आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये तेथील औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. कोट्यवधींची यंत्रसामग्री जागच्या जागी उभी राहिली. कोळसा, कामगार, मागणी सर्व होते. फक्त पाणी नव्हते.

हे टाळता यावे म्हणून दिल्लीत कोणाची जबाबदारी आहे? १९७४ मध्ये केंद्रात ऊर्जा मंत्रालय स्थापन झाले, तेव्हा वीज आणि कोळसा हे विभाग एका छपराखाली होते. १९९२ मध्ये विजेचे मंत्रालय स्वतंत्र झाले. आज वीज एकाकडे, कोळसा दुसऱ्याकडे, तेल आणि वायू तिसऱ्याकडे, सूर्य आणि वारा चौथ्याकडे; आणि २०१९ पासून पाणी जलशक्ती मंत्रालयाकडे. एकात्मिक ऊर्जा धोरणाचा किरीट पारीख समितीचा अहवाल २००६ मध्ये आला, २०१७ मध्ये नीती आयोगाने नव्या धोरणाचा मसुदा केला. ‘एकात्मिक’ हा शब्द धोरणाच्या मुखपृष्ठावर आला. कारभारात तो उतरला नाही. उजनीचे पाणी वाटण्याचा अधिकार राज्याचा, केंद्राला मंजुरी देण्याचा अधिकार दिल्लीचा, आणि कोरड्या नळाचा जाब महापालिकेला. प्रत्येकाचे कागद आपापल्या जागी बरोबर असतात.

यातून मार्ग नाही असे नव्हे, आणि तो ऊर्जा मंत्रालयाच्याच कागदात आहे. जानेवारी २०१६ च्या वीजदर धोरणाने असे बंधन घातले की सांडपाणी शुद्धीकरण केंद्रापासून पन्नास किलोमीटरच्या आतील औष्णिक केंद्रांनी शुद्ध केलेले सांडपाणीच वापरावे. त्याचा खर्च वीजदरात धरण्याची मुभाही दिली. सोलापूर शहर आणि फताटेवाडी यांच्यातील अंतर या मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी आहे. नागपूरने हे करून दाखविले आहे. तेथील भांडेवाडीत शुद्ध झालेले, दिवसाला तेरा कोटी लिटर क्षमतेच्या प्रकल्पाचे पाणी कोराडीच्या वीज केंद्रासाठी दिले जाते. सांडपाण्याला गिऱ्हाईक मिळते, नदी थोडी स्वच्छ राहते आणि धरणावरचा भार हलका होतो. सोलापूरसाठी हाच व्यवहार अधिक निकडीचा आहे. शहराचे सांडपाणी देगावच्या केंद्रात शुद्ध होते. त्याचा थेंबन् थेंब विजेकडे वळविणे आणि तेवढे उजनीचे पाणी शहराच्या नावे जमा करणे, एवढाच करार करावयाचा आहे. धोरण जाहीर होऊन इतकी वर्षे लोटल्यावर देशातील किती केंद्रांनी ते पाळले, हे तरी मंत्रालयाने नावनिशीवार सांगावे.

केंद्रीय वीज प्राधिकरण देशातील औष्णिक केंद्रांत किती दिवसांचा कोळसा शिल्लक आहे, याचा तक्ता रोज प्रसिद्ध करते. दिल्लीच्या सचिवाला सोलापूरच्या कोळशाचा ढीग किती उरला ते त्यावरून कळते. त्याच तक्त्यात तीन रकाने वाढविण्यास नवा कायदा लागत नाही आणि नवे मंत्रालयही लागत नाही: धरणातून उचललेले पाणी किती, वापरलेले सांडपाणी किती, आणि जलाशयात शिल्लक किती. उजनी पुढच्या वेळी उणे होईल त्याआधी हे रकाने भरलेले असावेत.