मावशीचं माहेर

मुलीच्या शाळेने सुट्टीत 'घराण्याचा वंशवृक्ष' काढून आणायला सांगितला. बंगळूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर कार्डशीट पसरला आणि गावी सासऱ्यांना फोन लागला. त्यांनी सात पिढ्यांची नावं धडाधड सांगितली. "आणि यांच्या बायकांची, आजोबा?" मुलीने विचारलं. पलीकडून बराच वेळ आवाजच येईना. शेवटी ते म्हणाले, "तुझ्या पणजीला सगळे काकूच म्हणायचे गं."

त्या रात्री मला कार्पेंटरबाई आठवल्या. डॉ. आनंदीबाई जोशींच्या अमेरिकेतल्या 'मावशी'! गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी एका मिशनऱ्याला लिहिलेलं पत्र अमेरिकेतल्या मासिकात छापून आलं. दाताच्या डॉक्टरकडे नंबराची वाट पाहत बसलेल्या या बाईंच्या ते वाचनात आलं. कधी न पाहिलेल्या मुलीला त्यांनी पत्र धाडलं. जून 1883 मध्ये आनंदीबाई अमेरिकेत पोचल्या, त्या न्यूजर्सीतल्या रोझेल गावी त्यांच्याच घरी उतरल्या. मार्च 1886 मध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात गेल्या. वय अवघं एकवीस. गोपाळरावांनी अस्थी पाठवल्या, त्या मावशींकडेच.

आता या मावशींचा माग काढायचा, तर रोझेलला कार्पेंटर घराण्याच्या थडग्यांपाशी शोधायला जाल. तिथे काही हाती लागायचं नाही. आनंदीबाईंच्या नावाचा दगड आहे न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीच्या दफनभूमीत, आणि ती जागा आहे एमी घराण्याची. हे एमी कोण? तर कार्पेंटरबाईंचं माहेर! त्या मूळच्या थिओडोशिया एमी. परक्या देशातल्या लेकीला मावशीने आपल्या माहेरच्या माणसांत जागा दिली.

माहेरचं आडनाव ठाऊक नसेल तर एकोणिसाव्या शतकातली अमेरिकन बाईही सापडत नाही. तिथल्या जनगणनेत 1840 पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहीत. बायका-मुलं म्हणजे वयोगटांतले नुसते आकडे. घरातल्या गुलाम नसलेल्या प्रत्येकाचं नाव आलं ते 1850 पासून, आणि तेही सासरच्या आडनावाने. मग चर्चच्या वह्या, मृत्युपत्रं, घरच्या बायबलात लिहिलेल्या जन्मतारखा, थडग्यांवरचे दगड असं धुंडाळत माहेर गाठायचं.

आपल्याकडे तर आणखी पंचाईत. आडनावच काय, लग्नात नावही बदलायचं! आनंदीबाई कल्याणच्या माहेरी यमुना होत्या. नवव्या वर्षी लग्न झालं आणि आनंदी झाल्या. त्यांची चरित्रं लिहिली गेली, म्हणून यमुना आपल्याला ठाऊक. आपल्या पणज्यांचं चरित्र कोण लिहिणार? नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत घराणी जपली आहेत खरी, पण तिथेही धागा चालतो तो बहुधा बापाकडून मुलाकडे.

दुसऱ्या दिवशी बेळगावच्या आत्यांना फोन केला. वय चौऱ्याऐंशी, कानाला कमी ऐकू येतं, पण आठवण लख्ख. त्या हसून म्हणाल्या, "काकूचं नाव? सासरचं राधा, माहेरचं चंपा. निपाणीकडची ती. आजवर कुणी विचारलंच नाही मला." आणि मग पाऊण तास बोलत राहिल्या. मुलगी भराभर पेन्सिलीने लिहीत होती.

कार्डशीटवर अजून तीन चौकटी रिकाम्या आहेत. तुमच्याही घरात अशी एखादी आत्या, आजी, मावशी असेल. तिला आजच फोन करा. आधी तब्येत विचारा आणि मग विचारा, "तुझ्या आईचं माहेरचं नाव काय गं?" ऐकलेलं लगेच लिहून ठेवा. कारण सांगणारं माणूस गेलं, की ते नाव कुठल्याच दप्तरात सापडत नाही.