कायदा जनतेनंच मांडला तर?

कायदे विधिमंडळ करतं, असं आपण नागरिकशास्त्रात शिकवतो. पण अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात १९११ पासून नागरिकही कायदा मांडू शकतात. मागच्या गव्हर्नर निवडणुकीत पडलेल्या मतांच्या ५ टक्के सह्या जमवायच्या. राज्यघटना बदलायची असेल तर ८ टक्के. मग प्रश्न थेट मतपत्रिकेवर!

ऐकायला छानच वाटतं. पण १९७८ चा ‘प्रस्ताव १३’ बघा. घरांवरचा कर परवडेना म्हणून लोक वैतागले होते, आणि त्यांचं दुखणं खरं होतं. सुमारे ६५ टक्के मतदारांनी ‘हो’ म्हटलं आणि कर मालमत्तेच्या किमतीच्या १ टक्क्यावर बांधला गेला. कराचं उत्पन्न निम्म्याहून जास्त घटलं. शाळा तर बऱ्याच अंशी त्यावरच चालत होत्या! शेवटी १९८८ मध्ये शाळांना किमान निधी मिळावा म्हणून लोकांनाच ‘प्रस्ताव ९८’ मंजूर करावा लागला.

मग हा हक्क नकोच का? मला तसं वाटत नाही. विधिमंडळ ऐकत नसेल तर लोकांना दुसरं दार हवंच. अडचण एवढीच, की ‘हो की नाही’ या प्रश्नात दुरुस्तीला जागा नसते. म्हणून २०१४ मध्ये तिथं नियम झाला : सह्या गोळा करण्याआधी ३० दिवस लोकांच्या सूचना घ्यायच्या. हे मला पटतं. आधी चर्चा, मग मत.

वर्गातही हे करून बघा. मुलांना एक नियम मांडू द्या, पण हात वर करायच्या आधी एक प्रश्न नक्की विचारा : याची झळ कोणाला बसेल?