आधी मोजा, मग काढा

जळगाव-धुळ्याकडच्या आम्हां मराठीच्या अध्यापकांना एक सल्ला वारंवार ऐकावा लागतो: रॅम भरपूर आहे, लिनक्समधील स्वॅप ही जुनी अडगळ, चालू यंत्रातूनच काढून टाका. या सल्ल्याला आमचा विरोध आहे.

स्वॅप म्हणजे डिस्कवरची राखीव जागा. चालू प्रोग्रॅमच्या स्मृतीतील क्वचित लागणारी पाने तिथे ठेवून रॅम मोकळी केली जाते. वि. का. राजवाडे १९२६ साली धुळ्यात वारले. १९२७ साली तिथेच त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. त्यांनी जमवलेली दप्तरे रोज कोण उघडतो? म्हणून ती निरुपयोगी ठरत नाहीत. मेजावर न राहता कपाटात राहतात, इतकेच. कपाटच हलवायचे तर सारी दप्तरे आधी मेजावर मांडावी लागतील. ‘स्वॅपऑफ’ ही आज्ञा नेमके हेच करते: पानन् पान रॅममध्ये परत आणते. जागा अपुरी असेल तर ती फसते. म्हणून आधी ‘फ्री’ ही आज्ञा देऊन मोजावे, एवढेही हे सल्लागार (उत्साह दांडगा!) सांगत नाहीत.

खरे संकट पुढेच आहे. स्वॅप गेल्यावर रॅम भरली की त्या पानांना जायला ठिकाण उरत नाही. शेवटी कर्नल एखादा चालता प्रोग्रॅमच मारतो, बहुधा सर्वाधिक स्मृती व्यापणारा. त्यात कुणाचा न जतन केलेला प्रबंध असला तर?

डिस्क बदलायची असेल तर स्वॅप जरूर काढावी. पण आधी दुसरी ‘स्वॅपऑन’ने जोडून, आणि एफस्टॅबमधील जुनी ओळ पुसून.