‘आपला पोट्टा कोनता?’

२ मार्च २०२५, रविवार. दुपार कलली होती आणि अंजनगाव सुर्जीच्या नेहमीच्या पानठेल्यावर आम्ही चार-सहा जण एका मोबाईलभोवती दाटीवाटीने उभे होतो. पडद्यावर नागपूरजवळच्या जामठ्याचे मैदान दिसत होते. रणजी करंडकाचा अंतिम सामना अनिर्णित संपला. पण विदर्भाच्या ३७९ धावांना उत्तर देताना केरळचा पहिला डाव ३४२ धावांत आटोपला होता. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावातील आघाडी मोजतात. तेवढ्या ३७ धावांच्या बळावर विदर्भ तिसऱ्यांदा विजेता ठरला. कुणीतरी पेढे आणायला निघाले. ठेलेवाल्याने पानाला चुना लावता लावता मान वर केली आणि मला विचारले, ‘‘हे सारं बराबर हाय साहेब, पन याच्यात आपला पोट्टा कोनता?’’

मी काहीतरी उत्तर दिले, पण ते मलाच पटले नाही. तो प्रश्न अजून मनातून गेलेला नाही.

आधी आपला प्रांत कोणता ते पाहू. आमचे गाव इतिहासात आहे ते एका तहामुळे. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात इथे तह झाला आणि हिंदुस्थानचा नकाशा बदलला. वऱ्हाडाने तर निजाम, इंग्रज, मध्य प्रांत, मुंबई राज्य आणि १९६० नंतर महाराष्ट्र, असे कितीतरी धनी पाहिले. प्रत्येक वेळी नकाशा दुसऱ्याने काढला. क्रिकेटमध्ये मात्र वेगळेच घडले. १९५७-५८ पासून विदर्भाचा संघ रणजीत स्वतःच्या नावाने उतरतो. महाराष्ट्र राज्य एक, पण त्याचे रणजी संघ तीन: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. वेगळ्या राज्याच्या मागणीचे काय व्हायचे ते होवो. रणजीच्या गुणतक्त्यात विदर्भ हा कधीचाच वेगळा प्रांत आहे.

या प्रांताने साठ वर्षे मारच खाल्ला. २०१७-१८ पर्यंत अंतिम सामना म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हते. त्या मोसमात चंद्रकांत पंडित प्रशिक्षक, फैज फजल कर्णधार आणि वसीम जाफरसारखा पाहुणा अनुभवी फलंदाज अशी मोट बांधली गेली आणि इंदूरला दिल्लीचा पराभव झाला. पुढच्याच वर्षी सौराष्ट्राला हरवून करंडक राखला. २०२४ साली वानखेडेवर मुंबईने अंतिम सामन्यात हरवले, त्याची परतफेड पुढच्या मोसमात झाली. २०२५ च्या फेब्रुवारीत उपांत्य सामन्यात मुंबईसमोर ४०६ धावांचे लक्ष्य होते; मुंबई ३२५ वर संपली. रहाणे, सूर्यकुमार, शिवम दुबे ही नावे समोर असताना नागपूरची पोरे डगमगली नाहीत. अंतिम सामन्यात ३ बाद २४ अशी दाणादाण उडाली असताना दानिश मालेवारने १५३ धावा केल्या. फिरकीपटू हर्ष दुबेने मोसमात ६९ बळी घेतले, तो स्पर्धेचा विक्रम ठरला. अख्ख्या मोसमात संघ एकदाही हरला नाही.

हे यश दैवाचे नव्हे. प्रशिक्षण, अकादमी, जामठ्याचे मैदान आणि बाहेरून आणलेले मोजके अनुभवी खेळाडू यांत वर्षानुवर्षे गुंतवलेल्या भांडवलाचे ते व्याज आहे. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला ही भाषा लवकर समजते. पण खातेवहीला दुसरी बाजूही असते.

अंतिम सामन्याच्या दुसऱ्या डावात विदर्भाला सावरले ते करुण नायरच्या १३५ धावांनी. तो कर्नाटकातून आलेला, आणि पुढच्या मोसमात तिकडेच परतला. उलट केरळकडून ७९ धावा काढून आपल्याच तोंडचे पाणी पळवणारा आदित्य सरवटे हा आपला जुना गडी. २०१९ च्या अंतिम सामन्यात त्यानेच अकरा बळी घेऊन विदर्भाला जिंकून दिले होते. अमरावतीचा जितेश शर्मा बडोद्याला गेला. यात कुणाचा दोष नाही. माणूस बदली घेतो, तसा खेळाडू संघ बदलतो. पण मग प्रांताच्या नावाला अर्थ काय उरतो?

हा पेच आपल्यापुरता नाही. न्यूझीलंडमध्ये रग्बी हा गावोगावचा खेळ. तिथल्या प्रांतांची राष्ट्रीय स्पर्धा १९७६ मध्ये सुरू झाली आणि शेतकरी, खाटीक, शिक्षक आपापल्या प्रांतासाठी एकत्र झुंजले. १९९५ मध्ये रग्बी व्यावसायिक झाली, १९९६ मध्ये प्रांतांच्या डोक्यावर पैसेवाली मोठी स्पर्धा आली आणि राष्ट्रीय संघातले बडे खेळाडू प्रांताच्या मैदानावर क्वचितच दिसू लागले. २००६ मध्ये लहान प्रांतांसाठी वेगळी स्पर्धा काढावी लागली. प्रांत टिकले, पण खालच्या पायरीवर.

आपल्याकडे ती पैसेवाली स्पर्धा म्हणजे आयपीएल. थोडी बेरीज करू. २०२१ मध्ये ठरलेल्या दराने वीसपर्यंत सामने खेळलेल्या रणजी खेळाडूला दिवसाला ४०,००० रुपये मिळतात. चार दिवसांचे सात साखळी सामने म्हणजे २८ दिवस, एकूण ११ लाख २० हजार. जितेशला २०२४ च्या लिलावात ११ कोटी मिळाले. म्हणजे नवख्या खेळाडूच्या जवळजवळ शंभर मोसमांची कमाई एका बोलीत! मला त्याचा हेवा नाही. अमरावतीचे पोर एवढे मोलाचे ठरले याचा आनंदच आहे. पण या ओढीत चार-चार दिवस उन्हात उभे राहण्याची शाळा ओस पडू नये एवढेच म्हणणे.

आता ठेलेवाल्याच्या प्रश्नाकडे येतो, कारण त्यात माझाही हिशेब आहे. नव्वदच्या दशकात शाखेत पीककर्जाला एक शेतकरी आला. काम झाल्यावर दबकत म्हणाला, ‘‘साहेब, पोट्टा लय जोरात चेंडू फेकते. अमरावतीले पाठवू काय त्याले?’’ मी चश्मा पुसत सांगितले, ‘‘आधी दहावी होऊ द्या भाऊ, खेळाने पोट भरत नाही.’’ तेव्हाच्या हिशेबाने सल्ला बरोबर होता. विदर्भाचा एकही खेळाडू तोवर कसोटी खेळला नव्हता. पुढे २०११ मध्ये वलनीच्या कोळसा खाणीत राबणाऱ्या कामगाराचा मुलगा, उमेश यादव, भारताकडून कसोटी खेळला, तेव्हा मला तो शेतकरी आठवला. त्याचा मुलगा आज कृषी सेवा केंद्र चालवतो, सुखात आहे. पण त्याचा चेंडू किती जोरात जात होता, हे कुणी मोजलेच नाही.

अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची १९१४ ची स्थापना आणि १९३६ ची बर्लिनवारी यांचा वारसा सांगणारा हा जिल्हा आहे. तालुक्याला टर्फची एक खेळपट्टी, शाळांच्या सामन्यांना हजर राहणारा एक निवडकर्ता आणि पहाटेच्या एस.टी.ने सरावाला जाणाऱ्या पोराचे प्रवासभाडे, एवढ्याने सुरुवात होईल. विजेत्या संघाला मिळणाऱ्या पाच कोटींपुढे हा खर्च फार नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये विदर्भाने इराणी करंडक जिंकला आणि त्यात अकोल्याच्या अथर्व तायडेने शतक ठोकले. मी मुद्दाम ठेल्यावर गेलो, बातमी दाखवली. ठेलेवाला हसला. ‘‘अकोल्यापर्यंत आलं म्हना साहेब,’’ तो म्हणाला आणि पान बांधू लागला.