नाव न घेता केलेली बदनामी

नळदुर्गात महामार्गालगत एका चाचांचं चहा-भज्यांचं छोटं हॉटेल आहे. सोलापूर-हैदराबाद मार्गावरचे ड्रायव्हर तिथं थांबतात, किल्ला बघायला आलेले लोकही. मध्यंतरी व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरला. 'त्यांच्या' हॉटेलात खाऊ नका, 'ते' अन्नात थुंकतात. पंधरा दिवसांत चाचांचं रोजचं दूध निम्म्यावर आलं. मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाले, "सर, तुम्ही शिकलेले. यावर केस होत नाही का?"

मी एका वकील मित्राला विचारलं, स्वतःही वाचलं. बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा आहे. पूर्वी तो ४९९-५०० मध्ये होता. पण पोलीस त्यात थेट गुन्हा नोंदवत नाहीत, न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे स्वतः फिर्याद करावी लागते. भरपाई हवी तर दिवाणी दावा, तोही एका वर्षाच्या आत. रक्कम मागाल त्या प्रमाणात कोर्ट फी. धंद्याचं नुकसान कागदावर दाखवायचं, आणि चाचांचा सगळा हिशोब डोक्यात!

तरी हे सगळं जमवता येईल. खरी अडचण चाचांनीच काढली. "सर, यात माझं नाव कुठंय?"

बदनामी अमक्याचीच झाली हे दाखवावं लागतं. समूहालाही दाद मागता येते, पण तो नेमका, ओळखता येणारा हवा. 'ते' म्हटलं की कोट्यवधी लोक आले, म्हणजे कायद्याच्या हिशोबात कुणीच नाही. मेसेज लिहिणाऱ्याला कायदा माहीत नसेल, पण त्याचा फायदा त्याला आयताच मिळतो.

उलट ज्याच्याकडे मोठं नाव आहे त्याचं बघा. पॅराशूट तेलावर टीका करणारा व्हिडिओ अभिजीत भन्साळी या यूट्यूबरने टाकला, तेव्हा मॅरिको कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. जानेवारी २०२० मध्ये एकल न्यायमूर्तींनी तो काढायला सांगितला. पुढच्याच महिन्यात खंडपीठाने काही बदलांच्या अटीवर त्याला दिलासा दिला. कोण बरोबर, हा वाद बाजूला ठेवू. कंपनीला बाटलीवरचं नाव दाखवता आलं, वकील उभे करता आले.

म्हणून बदनामीचा कायदा आणखी कडक करा, ही आपल्यातल्या काहींची मागणी मला पटत नाही. तो आधी तक्रार करणाऱ्या गिऱ्हाइकावरच चालेल. चाचांच्या कामाचं कलम वेगळं आहे, १९६, पूर्वीचं १५३-अ. धर्माच्या नावावर वैर पसरवण्याचं. त्यात पोलिसांना स्वतःहून गुन्हा नोंदवता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल २०२३ रोजी सगळ्या राज्यांना तेच सांगितलं, की द्वेषपूर्ण भाषणावर तक्रारीची वाट बघू नका. भाषणाला लागू आहे ते मेसेजलाही लागू व्हायला हवं. नाव न घेतलेल्या माणसाला एवढा एकच दरवाजा आहे, आणि तो उघडणं ठाण्याचं काम आहे, चाचांचं नाही.

आणि हो, अमक्याच्या दुकानातून घेऊ नका असे मेसेज आपल्या मोहल्ल्यातल्या ग्रुपवरही येतात. मी एकदा टोकलं तर मलाच ग्रुपमधून काढलं.

अर्ज मी लिहून दिला आहे. चाचांनी तो घडी करून गल्ल्यात ठेवलाय. तो मेसेज पुढं पाठवणाऱ्यांतले दोघे आजही त्यांच्याकडे उधारीवर चहा पितात.